मदत हवी आहे: आईच्या उपचारांसाठी जर्मनीचा व्हिसा, नावातला 'रु' आणि पतसंस्थेतली ठेव

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आई ६६ वर्षांची. माकडहाडाच्या वर, सेक्रममध्ये, कॉर्डोमा (हाडातला दुर्मीळ कर्करोग) निघालाय. शस्त्रक्रियेत लघवी-शौचावरचा ताबा जाऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी कार्बन आयन रेडिएशन सुचवलं. (प्रोटॉन हा रेडिएशनचा दुसरा प्रकार खारघरला आणि चेन्नईला आहे, तिथे विचारून झालं. कार्बन भारतात नाही. तेव्हा 'खारघरला का नाही' हा प्रतिसाद कृपया नको.) हायडलबर्गच्या विद्यापीठ रुग्णालयात २००९ पासून ही सोय आहे. त्यांनी रिपोर्ट बघून होकार दिला, तारखा आणि खर्चाचा अंदाज कळवला. तयारी धरून साधारण पाच-सहा आठवडे राहावं लागेल. सोबत मी जाणार.

आता अडचणी. आईचं नाव वृंदा. पासपोर्टवर स्पेलिंग 'व्ही-आर-यू' असं आहे, पण इथल्या लॅबने एमआरआय आणि बायोप्सीवर 'व्ही-आर-आय' करून ठेवलंय. तेच हायडलबर्गच्या पत्रात उतरलं. आपला 'रु' आणि हिंदीतला 'रि' यांचं भांडण थेट जर्मनीत पोचलं म्हणा! ॲफिडेव्हिट केलं तर चालेल का?

दुसरं, बाबांची जवळजवळ सगळी पुंजी सहकारी पतसंस्थेत मुदत ठेवीत आहे. बँकेत फक्त पेन्शन येते. पतसंस्थेच्या पावत्या व्हिसासाठी धरतात का?

तिसरं. सदाशिव पेठेतला एक एजंट म्हणाला, "ताई, मेडिकल म्हटलं की कागद वाढतात. टुरिस्ट म्हणून टाका, तिकडे गेल्यावर कोण बघतंय?" मला हे पटलं नाही, पण घरात दोन मतं पडली आहेत.

– कोथरूडची लेक

जुना पेठकर: एजंटला आधी रामराम करा. ९० दिवसांपर्यंत मुक्काम असेल तर व्हिसा तोच, शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) 'सी'. फक्त अर्जात प्रवासाचं कारण 'वैद्यकीय' लिहायचं. खोटं कारण देऊन मिळवलेला व्हिसा नंतरही रद्द होऊ शकतो, आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला तो डाग चिकटतो. शिवाय हायडलबर्गचं पत्र हाच तुमचा सगळ्यात भक्कम कागद आहे. तोच लपवून ठेवणार का? अर्ज निघण्याच्या ६ महिने आधीपासून करता येतो. निकाल साधारण १५ दिवसांत लागतो, पण ४५ दिवसही लागू शकतात. तारखा त्या हिशेबाने धरा.

बाणेरची ताई: वडिलांच्या वेळी हे सगळं केलंय, म्हणून लिहिते. ॲफिडेव्हिट जोडा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पासपोर्टचा फोटो पाठवून हायडलबर्गकडून पत्र दुरुस्त करून घ्या, एका ईमेलचं काम आहे. इथल्या ऑन्कॉलॉजिस्टकडूनही पासपोर्टप्रमाणे नाव घालून पत्र घ्या. त्यात आजार काय आणि तिकडेच का जायचं, हे दोन ओळींत असू द्या.

विम्यात आमची गफलत झाली होती. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, पण तो अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी. ठरवून चाललेल्या उपचारांचा खर्च त्यातून मिळत नाही. तो तुम्ही कसा भरणार हे वेगळं दाखवायचं. रुग्णालयाला आगाऊ रक्कम भरल्याची पावती असेल तर बरं पडतं.

निवृत्त कॅशियर: पतसंस्थेच्या पावत्या जोडायला हरकत नाही, पण वजन बँकेच्या स्टेटमेंटला. एखादी ठेव मोडून पैसे बँकेत घ्या आणि मोडल्याचा कागदही लावा. नाहीतर आदल्या आठवड्यात एवढे लाख कुठून आले, असा प्रश्न पडतो. तसंही परदेशी पैसे पतसंस्थेतून जात नाहीत, बँकेतूनच पाठवावे लागतात. परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म आणि पॅन लागेल. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, पण उपचारांसाठी रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर त्याहून जास्तही पाठवता येतात. वर्षभरात १० लाखांच्या वर रक्कम गेली की टीसीएस (बँकेने आधीच घेतलेला आयकर) कापतात. तो रिटर्न भरताना वळता होतो, घाबरू नका.

जुना पेठकर: तिकडे कोणी नातेवाईक आहे का? असेल तर तो तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन खर्चाची हमी लिहून देऊ शकतो. त्या कागदाचं जर्मन नाव उच्चारायला मला दोन श्वास लागतात.

कोथरूडची लेक: सगळ्यांचे मनापासून आभार. मावसभाऊ श्टुटगार्टला आहे, त्याला आजच फोन केला. पत्र दुरुस्त होऊन आलंसुद्धा, 'यू'सकट! बाबा मात्र ठेव मोडायची म्हटल्यावर गप्प बसलेत. मुदतीला चार महिने उरलेत ना.

एकच राहिलं. आईला दहा मिनिटांच्या वर बसवत नाही, रिंगच्या उशीवरसुद्धा. बोटांचे ठसे द्यायला तिला स्वतः यावं लागणार हे कळलं. व्हीएफएसच्या (व्हिसाचे अर्ज घेणारी कंपनी) पुण्यातल्या केंद्रात अशा रुग्णाला आधी घेतात का, आडवं व्हायला एखादा बाक मिळतो का, कोणाला अनुभव आहे? ती म्हणते, "त्यात काय, मी उभ्याने देईन."