परदेशात पदवी मान्य करून घेताना: अनुभव धागा

मागच्या आठवड्यात सांगलीहून मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. नर्सिंग झालंय, जर्मनीला यायचंय, कागद कुठले लागतील? तिला सांगताना जाणवलं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हा धागा. तुम्ही कुठे आहात, कोणती पदवी घेऊन गेलात आणि ती तिथे मान्य व्हायला काय काय करावं लागलं, ते मोकळेपणी लिहा. फीचे आकडे बदलत राहतात, त्यापेक्षा अडलं कुठे आणि सुटलं कसं हे कळलं तर पुढच्यांना फार उपयोग होईल. सुरुवात मी करते.

मी चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग केलं, मग सहा वर्षं आयसीयूत होते. जर्मनीत नर्सिंगला नुसती पदवी दाखवून चालत नाही. ज्या राज्यात काम करायचं तिथल्या कार्यालयाकडून ‘आनेरकेनुंग’, म्हणजे मान्यता घ्यावी लागते. ती येईपर्यंत मी मदतनीस म्हणून लागले. व्हेंटिलेटरवरचे पेशंट सांभाळलेली मी, आणि इंजेक्शन द्यायला मनाई. पहिले काही महिने रोज रात्री रडू यायचं.

कार्यालयाला माझे गुण नको होते, तास हवे होते. कोणत्या विषयाची थिअरी किती तास, कोणत्या वॉर्डात प्रात्यक्षिक किती तास. तसा तक्ता सही-शिक्क्यानिशी मिळवायला भावाने कॉलेजच्या चार फेऱ्या मारल्या. मग त्या सगळ्याचं अधिकृत भाषांतरकाराकडून जर्मन करून घेतलं. उत्तर आलं, अभ्यासक्रमात तफावत आहे. अशा वेळी दोन वाटा असतात: पूरक प्रशिक्षण किंवा तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. मी परीक्षेची वाट धरली.

प्रात्यक्षिकाची भीती मशिनची नव्हती. आपल्याकडे पेशंटला स्पंज करणं, भरवणं, कूस बदलणं हे बरंचसं नातेवाईक आणि वॉर्डातल्या मावशी करतात. इथे ते शिकलेल्या नर्सचं मुख्य काम आहे. ते करतानाच कातडी बघायची, माणूस स्वतःहून किती हलतोय ते बघायचं, त्याच्याशी बोलायचं. मदतनीस म्हणून घालवलेले महिने मला तिथे कामाला आले. जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत यावी लागते. जमेल तेवढं भारतातच करून या, ड्युटी करून रात्री व्याकरण डोक्यात शिरत नाही.

टोरांटोहून, एम.कॉम.

ताई, ‘तास’ वाचून अंगावर काटा आला. माझं घोडं नावावर अडलं होतं. इमिग्रेशनसाठी पदवीचं मूल्यांकन लागतं, ते मी डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून करून घेतलं. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर मात्र सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव, शिवाय लग्नात माझं पहिलं नावही बदललेलं. म्हणजे दोन्ही कागदांवर एकही शब्द सारखा नाही! लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद, हे तिन्ही जोडल्यावर सुटलं. मुलींनो, पदवीवरचं नाव बदलू नका. बदललंच असेल तर राजपत्राची प्रत देश सोडण्याआधीच काढून ठेवा. आणि मूल्यांकनाचा अहवाल इमिग्रेशनसाठी पाचच वर्षं चालतो, फार आधी करून ठेवू नका.

म्युनिकहून, सॉफ्टवेअर

माझं फार सोपं झालं, तेही लिहायला हवं, नाहीतर सगळेच घाबरतील. सॉफ्टवेअरच्या नोकरीला असल्या परवान्याची गरज नाही. ‘अनाबिन’ नावाची सरकारी यादी आहे, त्यात माझं विद्यापीठ ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, होतं आणि बी.ई.सुद्धा समकक्ष दाखवलं होतं. दोन्ही पानं छापून व्हिसाच्या अर्जाला लावली. यादीत पदवी सापडली नाही, तर बॉनच्या कार्यालयाकडून वेगळं मूल्यांकन मागवावं लागतं.

सिडनीहून, शिक्षिका

मी बी.ए., बी.एड. माझ्या वेळी बी.एड. एक वर्षाचं होतं, 2015 पासून ते दोन वर्षांचं झालं. ऑस्ट्रेलियात शिक्षकांच्या मूल्यांकनाला किमान चार वर्षांचं उच्च शिक्षण लागतं. तीन अधिक एक, म्हणजे मी काठावर बसले. पण त्याबरोबर किमान 45 दिवस देखरेखीखाली प्रत्यक्ष शिकवल्याचा पुरावा मागतात, तोही संस्थेच्या पत्रावर. आणि माझं कॉलेज बंद पडलेलं!

माझ्याकडे पाठ-टाचणाच्या वह्या होत्या. खाकी कव्हर, प्रत्येक पाठाखाली निरीक्षकांची सही आणि तारीख. त्या आईने माळ्यावरच्या ट्रंकेत जपल्या होत्या. वह्या पुरावा म्हणून चालत नाहीत, पण त्यातल्या तारखा आणि शाळांची नावं घेऊन भाऊ विद्यापीठात गेला. जुने अभिलेख काढून त्यांनी पत्र दिलं. साडेचार महिने लागले. त्या टेबलावरच्या बाईंनी मनावर घेतलं नसतं तर माझं शिकवणं तिथेच संपलं असतं.

इंग्रजीची अट कडक आहे. आयइएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन-लेखनात 7 आणि ऐकणं-बोलण्यात 8. मराठी माध्यमाच्या मैत्रिणींनो, मला बोलण्यात 8 तिसऱ्या वेळी मिळाले. नाद सोडू नका.

दुबईहून, मेकॅनिकल

युएईला अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशासाठीचा एकच शिक्का, चालत नाही, मी तेच करून आलो होतो. आधी विद्यापीठाची पडताळणी, मग मुंबईत राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग युएईचा दूतावास आणि इथे आल्यावर इथलं परराष्ट्र मंत्रालय. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मूळ पदवी कुरियरने पाठवताना जीव मुठीत होता.

कोल्हापूरहून, एक वडील

मी परदेशात राहत नाही. तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यात जो भाऊ किंवा बाप खिडकीपाशी उभा आहे, तो मी. मुलगी कॅनडात आहे म्हणून लिहितो.

ट्रान्स्क्रिप्टचा, म्हणजे सगळ्या गुणांच्या विद्यापीठाने दिलेल्या उताऱ्याचा, अर्ज करताना मुलीचं अधिकारपत्र आणि तिच्या ओळखपत्राची प्रत बरोबर न्या, नाहीतर दुसऱ्याच्या हाती काही देत नाहीत. विद्यापीठाने तो घालून पाकीट बंद केल्यावर जिथे चिकटवलंय तिथे, जोडावर, सही आणि शिक्का हवा. पहिल्यांदा शिक्का बाजूला पडला आणि ते पाकीट तिकडे नाकारलं गेलं. दुसऱ्यांदा मी साहेबांसमोर उभा राहून मारून घेतला. मूल्यांकनाच्या अर्जाचा संदर्भ क्रमांक पाकिटाच्या बाहेर लिहायचा, मोठ्या अक्षरात.

आणि एक करा: एकाऐवजी तीन पाकिटं मागा. दोन माझ्या कपाटात तशीच सीलबंद होती. परवा मुलगी म्हणाली, बाबा, आता इथे पुढचं शिकायला अर्ज करतेय, विद्यापीठाला पाठवाल का एक? मी दुसऱ्या दिवशी सकाळीच पोस्टात गेलो.