'पुन्हा दोन' या रशियन चित्रातले वडील कुठे गेले?

वहीकव्हर:
लहानपणी घरी रशियन मासिकं यायची, वाचायचं कोण, पण कागद असा गुळगुळीत की वह्यांना कव्हर घालायला बेस्ट. माझ्या भूगोलाच्या वहीवरचं चित्र परवा नेटवर सापडलं, फ्योदोर रेशेत्निकोवचं 'पुन्हा दोन', 1952 चं. पोरगा 2 मार्क घेऊन घरी आलाय (तिकडे 5 पैकी असतात, 2 म्हणजे दांडी गुल), दप्तरातून स्केट्स डोकावतायत म्हणजे साहेब कुठून उंडारून आले ते कळतंच, आई हताश, गळ्यात पायोनियरचा (तिकडची शाळकरी मुलांची संघटना) लाल स्कार्फ घातलेली ताई खाऊ की गिळू बघतेय, खूश काय तो कुत्रा आणि सायकलवरचा धाकटा. पण वडील कुठेत? युद्धात गेले म्हणतात, खरंय का? आणि अशी घरं खरंच होती का सगळा प्रचार?

कटिंगचहा:
युद्धाचं मलाही पटायचं, पण धाकट्याकडे बघा की, फार तर पाच वर्षांचा, आणि युद्ध संपलं 1945 ला. करा हिशोब. बाप कामावर गेला असेल हो, शाळा सुटायच्या वेळी आपले तरी कुठे घरी असायचे.

जुनाखोडरबर:
घरांचं म्हणाल तर तेव्हा शहरात बरेच लोक कोमुनाल्कात राहायचे, म्हणजे एका फ्लॅटमध्ये चारपाच बिऱ्हाडं, प्रत्येकाला एकेक खोली आणि संडास, किचन सामाईक. आपल्या चाळीत निदान चूल तरी आपापली! दारावरची बेल कोणासाठी किती वेळा वाजवायची तेही ठरलेलं. आता लाक्तियोनोवचं 'नव्या घरात' बघा, तेही 1952 चंच: चकचकीत फरशी, छातीवर मेडल लावलेली आई, पोराच्या हातात स्टालिनचा फोटो. सामान अजून जमिनीवर पण फोटो आधी! स्टालिन गेल्यावर असल्या चित्रांना वार्निश मारलेली, म्हणजे खऱ्या परिस्थितीला खोटी चकाकी दिलेली, म्हणायला तिकडच्याच समीक्षकांनी सुरुवात केली.

कटिंगचहा:
सगळ्यांनी वार्निश नाही मारलं हां. पिमेनोवचं 'उद्याच्या रस्त्यावरचं लग्न' शोधा, 1962 चं. स्टालिननंतर आलेल्या ख्रुश्चेव्हच्या काळात बिनलिफ्टच्या पाचमजली बिल्डिंगा धडाधड उठत होत्या ना, तिथली नवरी आहे, पांढरा ड्रेस, आणि पायाखाली काय तर चिखलावर टाकलेल्या फळ्या. घराची चावी मिळाली, रस्ता व्हायचाय. नवी मुंबईत राहायला गेलेल्यांना वेगळं सांगायला नको.

जुनाखोडरबर:
अवांतर: 'पुन्हा दोन'मधल्या घराची भिंत नीट बघा. रेशेत्निकोवने स्वतःचंच 1948 चं 'सुट्टीवर आला' टांगलंय तिथे, त्यात सैनिकी शाळेचा पोरगा आजोबांना कडक सॅल्यूट ठोकतोय.

वहीकव्हर:
आईशप्पथ, झूम करून पाहिलं, आहे! म्हणजे ताई कमी होती म्हणून वर भिंतीवर हा शहाणा. माझ्या वहीवर नेमका तिथेच नाव-इयत्तेचा स्टिकर होता.