मदत हवी आहे : रेसिंग करणाऱ्या भाचीचा ऑफ-सीझन, आंबा आणि बारावी

पावसची_आत्या

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागात असते. धागा चुकीच्या जागी पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझी भाची सतरा वर्षांची आहे, कार्टिंग करते, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या (कार्टच्या) शर्यती. रोटॅक्स मॅक्स इंजिनाच्या गटात राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेली आहे. येत्या मोसमात तिला फॉर्म्युला गाडीत बसायचंय. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर एलजीबी फॉर्म्युला फोर नावाच्या एकआसनी गाड्या धावतात, मारुती स्विफ्टच्या इंजिनाच्या, त्यात नवख्यांचा गट असतो तो. शर्यती साधारण पावसाळ्यात सुरू होतात, म्हणजे आता जूनपर्यंत ऑफ-सीझन.

नातेवाईक म्हणतात, "चला, पोरीला आता आराम." कसला आराम? फेब्रुवारीत बारावी, एप्रिल-मेमध्ये सीईटी. मधे शिमगा, आणि पालखी घरी आली की आमच्याकडे "मला जिमला जायचंय" असं म्हणायची कुणाची छाती नाही. मार्चपासून आंबा. भावाची कलमं आहेत. राखणीला नेपाळी गडी आहेत, पण आंबा निवडायला आणि पेट्या भरायला घरचे हात लागतात, आणि तिचे हात चपळ आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यात तिच्या पुण्याच्या कोचने वेळापत्रक पाठवलंय. सकाळी जिम, मानेच्या व्यायामाचं मशीन, पोहण्याचा तलाव, रोज दोन तास सिम्युलेटर, कॅमेऱ्यासमोर बोलायचा सराव, शिवाय स्पॉन्सरना भेटी. माणूस चांगला आहे, पण रत्नागिरीजवळच्या पावसला मानेचं मशीन कुठून आणू? सिम्युलेटर घरी आहे, साधं स्टीअरिंग आणि पेडल. तो सुरू केला की वीज जाते, असा आमचा अनुभव.

कार्ट पडवीत ताडपत्रीखाली आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर.

यातलं काय धरावं आणि काय सोडावं? भाऊ म्हणतो सगळं सोडा, बारावी धरा. भाची म्हणते काहीच सोडणार नाही. दोघंही माझ्याशीच बोलतात, एकमेकांशी नाही.

---

गियरवाला_कोल्हापूर

ताई, मी काही वर्षं कार्ट आणि नंतर फॉर्म्युला चालवली आहे, म्हणून सांगतो. कोचचं वेळापत्रक पुण्यातल्या मुलासाठी बरोबर आहे. तुम्ही फक्त हे बघा की कार्टमध्ये नसलेलं आणि फॉर्म्युलात लागणारं काय आहे.

पहिलं म्हणजे गियर आणि क्लच. तिच्या कार्टला गियर नाहीत, आणि क्लच आपोआप चालतो, पायाने दाबायचा नसतो. ब्रेक मारता मारता टाचेने थ्रॉटल देऊन खालचा गियर टाकणं पायात मुरायला वेळ लागतो. दुसरं, ब्रेक. आपल्या घरच्या गाडीच्या ब्रेकला बूस्टर असतो, शर्यतीच्या एकआसनी गाडीला सहसा नसतो. पाय रोवून दाबावा लागतो, आणि शेवटच्या लॅपलाही तेवढाच. म्हणून मांड्या आणि कंबर. त्याला जिम लागत नाही, बैठका आणि बागेतला चढ पुरतो. आंब्याचे क्रेट वाहणं हाही व्यायामच आहे, फक्त पाठ वाकवून उचलू देऊ नका.

सिम्युलेटरचं माझं मत ऐकाल तर परीक्षा होईपर्यंत बंद. रोज दोन तास कशाला? सीईटी झाल्यावर आठवड्यातून तीनदा, दर वेळी एकच ट्रॅक, एकच गाडी, आणि लॅपच्या वेळा वहीत. साध्या स्टीअरिंगवर वेग शिकता येत नाही, पण नजर कुठे ठेवायची ते शिकता येतं. इन्व्हर्टर लावा.

आणि मेमध्ये एक-दोनदा इकडे या. कोल्हापूरजवळ मोहित्यांचा ट्रॅक आहे, आंबा घाट चढलात की आलात. सहा महिने गाडीत न बसता थेट कोइमतूरला जाऊ नका.

---

दर्यावर्दी२२

क्लच शिकवायला ट्रॅक कशाला हवा? सकाळी भाट्याच्या पुळणीवर न्या जुनी बोलेरो. मोकळं रान.

---

वकीलबुवा_गुहागर

दर्यावर्दी, असले सल्ले देऊ नका. किनाऱ्यावर गाडी घालायला मनाई असते, आणि दर सुट्टीत कुणाची तरी गाडी भरतीच्या पाण्यात रुतल्याचे फोटो आपण बघतोच.

आत्याबाई, हे नीट वाचा. मुलगी सतरा वर्षांची आहे. अठराच्या आत गियरच्या गाडीचा शिकाऊ परवानासुद्धा मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळतो तो पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या दुचाकीचा. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 199अ कलम आलं आहे. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड. त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. राष्ट्रीय स्पर्धेतली ड्रायव्हर असली तरी पोलिसांना त्याचं काही नसतं. रेसिंगचा परवाना ट्रॅकपुरता, तो एफएमएससीआय ही देशातली मोटर स्पोर्ट्सची संघटना देते आणि दरवर्षी नवा काढावा लागतो. त्याला वैद्यकीय दाखला लागतो, अठराच्या आत पालकांची संमतीही. तो कागद आत्ताच करून टाका, जूनमध्ये धावपळ नको.

क्लच शिकवायचाच असेल तर कुंपणातल्या खाजगी जागेत, शेजारी मोठा माणूस बसवून. तुमच्या बागेतला रस्ता फाटकाच्या आत असेल तर उत्तम.

---

मिरकरवाडा_डिझेल

मी बोटींची इंजिनं करतो. रेसिंगमधलं कळत नाही, पण खाऱ्या वाऱ्यात उभं राहिलेलं टू-स्ट्रोक इंजिन कसं मरतं ते रोज बघतो.

ताडपत्री आधी काढा. तिच्याखाली दमट हवा कोंडते आणि उघड्यापेक्षा लवकर गंज चढतो. जुनी सुती चादर टाका. कार्ट पडवीतून आतल्या खोलीत घ्या, स्टँडवर उचलून. गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, बेअरिंगवर पाइप मारू नका.

पेट्रोल टाकीतून आणि कार्ब्युरेटरमधूनही काढा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. रेडिएटरमधलं पाणी काढा. प्लग काढून त्या भोकातून थोडं टू-स्ट्रोक ऑइल सोडा, इंजिन हाताने दोन-चार वेळा फिरवा, प्लग परत लावा. सायलेन्सरचं आणि एअर बॉक्सचं तोंड चिंधीने बंद करा, नाहीतर कुंभारमाशी घर करते. साखळीला तेल, फ्रेमच्या जोडांना तेलाचा हात. ब्रेकच्या डिस्कला तेल अजिबात लागू देऊ नका. बॅटरी सोडवून महिन्याला एकदा चार्ज करा. चाकं काढून टायर प्लास्टिकमध्ये गुंडाळून अंधारात ठेवा, आंब्याच्या आढीच्या खोलीत नको, तिथे ऊब असते.

बाकी इंजिन उघडू नका. भाचा सांगतो की त्या रोटॅक्सला सील असतं आणि ते तुटलं तर शर्यतीत चालत नाही. खरं का?

---

गियरवाला_कोल्हापूर

अगदी खरं. सील तुटलं तर अधिकृत सेंटरकडेच न्यायचं. आणि डिझेलदादा, हे तुम्ही कार्टवाल्यांना शिकवायला हवं.

---

फिजिओ_चिपळूण

मशीनशिवाय मान तयार होते. हिशोब असा : डोकं साडेचार-पाच किलो, हेल्मेट दीडेक किलो. वळणावर दोन जी (वजनाच्या दुप्पट जोर) लागला की मानेला बाजूने बारा-तेरा किलो धरून ठेवायचे, लॅपमागून लॅप. म्हणजे मानेला हालचालीपेक्षा न हलता धरून ठेवण्याची ताकद जास्त हवी.

तळहात कानावर ठेवून डोक्याने ढकलायचं, मान हलू द्यायची नाही. दहा मोजायचे. चारही दिशांनी. दोन-तीन आठवड्यांनी रबरी पट्टा लावून हेच. अभ्यासाच्या टेबलाशी बसून होतं, वेगळा वेळ लागत नाही. हेल्मेटला वजनं टांगायचे व्हिडिओ दिसतात, ते या वयात नको. हाताला मुंग्या आल्या किंवा चक्कर आली तर थांबा आणि मला नाही, डॉक्टरला दाखवा.

दम वाढवायला ओल्या वाळूत पळणं, सुकीत नको, घोटे मुरगळतात. समुद्रात पोहायला पाठवू नका, आपल्या किनाऱ्यांची ओढ तुम्हाला सांगायला नको. उकाड्याचं म्हणाल तर पुण्याच्या मुलांना जे विकत घ्यावं लागतं ते तुमच्या अंगणात आहे. उकाड्यात व्यायाम केला की शरीर दहा-चौदा दिवसांत सरावतं, पण सोडलं की काही आठवड्यांत तो सरावही जातो. म्हणून हे मेच्या शेवटी करा, मार्चमध्ये करून उपयोग नाही. सोबत पाणी आणि मीठ-साखर, कोकम सरबत चालेल.

---

मालवणी_तडका

गो बाय, पोराक आधी पेपर लिवंदे. गाडी खंय पळान जाता? (गाडी पळतेच म्हणा, पण तिच्याशिवाय नाही.)

---

वेंगुर्ल्याचा_काजू

आमचा लहान काजू कारखाना आहे, म्हणून स्पॉन्सरच्या बाजूने लिहितो. स्पॉन्सर शोधणारे येतात ते सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा खर्च), सीएसआर करत. सीएसआर सक्तीचा आहे तो पाचशे कोटींची नक्त मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटी नफा असलेल्या कंपन्यांना. कोकणातल्या बहुतेक धंद्यांना तो लागूच नाही. आम्ही पैसे दिले तर जाहिरात खर्च म्हणून देतो, त्याला बिल लागतं. तेव्हा बिल देता येईल अशी व्यवस्था करून या.

दुसरं, चाळीस पानांची फाइल नको. एक पान. गाडीवर नाव कुठे दिसेल, फोटो कधी मिळतील, पोरगी आमच्या दुकानात एक दिवस येईल का. आणि तुमच्याकडे हापूस आहे! प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाच्या पेटीत तिचा फोटो आणि दोन ओळी घाला. पेट्या वाशीला दलालाकडे जातात त्यात नाही, घरपोच जातात त्यात. मुंबईतला माणूस पेटी उघडताना खुशीत असतो.

---

पावसची_आत्या

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भाऊ आणि भाची दोघांना एकत्र बसवून धागा वाचून दाखवला. वकीलबुवांचं उत्तर भावाने दोनदा वाचायला लावलं.

ठरलं ते असं. पेपर होईपर्यंत मान आणि पळणं एवढंच. सिम्युलेटरची पेडल भावाने माळ्यावर टाकली, सीईटीचा शेवटचा पेपर झाला की काढणार. कॅमेऱ्यासमोर बोलायचा सराव कोचला मी नाही म्हणून कळवलं. आमची पोरगी बोलायला लागली की थांबवावं लागतं. पेट्यांची कल्पना तिला इतकी आवडली की आंबा निवडायला ती आपणहून बसणार म्हणते. कार्ट माजघरात आली आहे, आई कुरकुरतेय.

एकच राहिलं. तिचा कार्टिंगचा सूट आणि हेल्मेट फॉर्म्युलात चालेल का? दोन्ही चांगल्या स्थितीत आहेत, परत खर्च नको वाटतो.

---

गियरवाला_कोल्हापूर

नाही चालणार, ताई. कार्टचा सूट घासण्यापासून वाचवतो, गाडीचा आगीपासून. त्यावर एफआयए या जागतिक मोटर स्पोर्ट्स संघटनेचा 8856 शिक्का लागतो. हेल्मेटच्या आतलं स्नेलचं (हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं) लेबल बघा. के असेल तर ते कार्टपुरतं, गाडीला एसए लागतं आणि हान्सचे (धडकेत डोकं-मान धरून ठेवणाऱ्या साधनाचे) अँकर बसायला हवेत. सूट टीमकडून भाड्याने मिळतो का ते आधी विचारा. हेल्मेट मात्र स्वतःचं घ्या, आणि तिला सोबत नेऊन, डोक्यावर बसवून बघूनच.