रिब्स्टन पिपिन: जोडीचं झाड, कॅन्कर आणि तोडणी

परसबाग:
यॉर्कशरचं सफरचंदाचं जुनं वाण रिब्स्टन पिपिन लावायचंय. जागा इंग्लंडातच आहे. माती जड, हिवाळ्यात पाणी धरून ठेवणारी. जागा दोनच झाडांची. जोडीला एग्रेमाँट रसेट हे सफरचंदाचं दुसरं वाण चालेल का? आणि झाडावरून काढलेलं फळ कडक, आंबट लागतं ते वाणामुळे की तोडणी चुकल्यामुळे?

जिभली_कलम:
एग्रेमाँट रिब्स्टनला फळं धरायला लावेल, दोन्ही लवकर फुलतात. उलट मात्र होणार नाही. रिब्स्टन ट्रिप्लॉइड आहे, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच, त्यामुळे त्याचा पराग जवळजवळ निकामी. एग्रेमाँटला पराग देणारं तिसरं वाण हवं. आसपास कुणाकडे सफरचंद किंवा क्रॅब अ‍ॅपल (लहान फळांचं रानटी सफरचंद) असेल तर मधमाश्या ते काम करतील. नसेल तर एग्रेमाँटच्याच एका फांदीवर जेम्स ग्रीव्ह या सफरचंदाच्या वाणाचं कलम करा. जानेवारीत पेन्सिलीच्या जाडीची काडी कापून ओलसर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायची (सफरचंदांपासून लांब, त्यांच्या वायूने डोळे मरतात) आणि मार्चमध्ये जिभली कलम (दोन्ही तिरके काप जिभेसारख्या खाचेने एकमेकांत अडकवून) करायचं.

ट्रिप्लॉइड झाड जोमदार वाढतं. एमएम 106 खुंटावर (खुंट म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर कलम बांधतात ते; झाड किती मोठं होणार ते त्यावर ठरतं) निदान साडेचार मीटर अंतर सोडा. जागा कमी असेल तर एम 26 हा ठेंगणा खुंट, पण आधाराची काठी द्या. कलमाचा जोड जमिनीच्या वर 10-15 सेंमी राहिलाच पाहिजे. तो मातीत गाडला गेला की वरच्या वाणाला मुळं फुटतात आणि खुंटाचा काही उपयोग उरत नाही.

ओली_माती:
मला खरी काळजी तुमच्या मातीची वाटते. ओल्या जमिनीत या वाणाला कॅन्कर, म्हणजे साल कुजवणारा बुरशीचा रोग, हमखास धरतो. शरद ऋतूत पानं गळाली की देठाच्या ताज्या खुणांतून पावसाबरोबर बुरशी आत शिरते. साल खचते, वर्तुळं पडतात, हिवाळ्यात तिथेच लाल ठिपके दिसतात. खड्ड्यात नुसती चांगली माती भरू नका, भोवतीच्या चिकणमातीमुळे त्याचं टाकं होतं. 20-30 सेंमी उंच गादीवाफा करून त्यावर लावा. नत्र हात राखून द्या, लुसलुशीत वाढ आधी बळी पडते. रोगट भाग कोरताना लाकडातला तपकिरी रंग संपेपर्यंत जा. छाटणी कोरड्या हवेतच, कात्री दर झाडानंतर स्पिरिटने पुसून.

परसबाग:
आणि तोडणी?

जिभली_कलम:
सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. फळ तळहातावर उचलून हलकं फिरवा. देठासकट सुटलं आणि बी तपकिरी असेल तर तोडा. लगेच खाऊ नका. थंड, अंधाऱ्या जागी एकमेकांना न टेकता ठेवलं की नोव्हेंबर-डिसेंबरात आंबटपणा निवतो आणि नाशपातीसारखा सुगंध येतो. या वाणाची सगळी किंमत त्या सुगंधात आहे. जानेवारीनंतर गर कोरडा पडतो.

ओळखायचं तर फळ किंचित वाकडंतिकडं, पिवळसर हिरव्यावर नारिंगी-तपकिरी छटा, देठाभोवती साल खरखरीत. एकसारखी लालचुटुक फळं दाखवून कुणी रिब्स्टन म्हणत असेल तर ते कलम घेऊ नका.