अनुभव धागा: गावच्या घरात टेक्नोची एलपी लावली तेव्हा...

चतुर्थीला भाचा पुण्याहून आला तो काखेत रेकॉर्ड मारूनच. पोर्टर रिक्स या जोडीचा 'बायोकायनेटिक्स' अल्बम, दोन तबकड्या. टेक्नो, म्हणजे मशिनवर बनवलेलं ठेक्याचं संगीत. "मामी, मोदक नंतर. आधी हे ऐक." वेंगुर्ल्याच्या घरी माजघरात सासऱ्यांचा रेकॉर्ड प्लेअर आहे, त्यावर गणपतीत सनई लागते तेवढीच. सुई टेकवली. सूर नाही, शब्द नाहीत, नुसता खर्ज आणि खाली कुठेतरी धप् धप्. सासूबाई आतून ओरडल्या, "पंप चालूच रवलो काय रे?"

नवऱ्याचं मत, पैसे परत माग. धाकटी जाऊ तिसरी बाजू संपेपर्यंत उंबऱ्यात बसून राहिली आणि आत करंज्या करपल्या. आणि मला एकदम माहेर आठवलं. हर्णै बंदराच्या अंगाला आमचं घर. पहाटे लाँचा सुटायच्या तेव्हा उशीला कान लावला की इंजिन जमिनीतून ऐकू यायचं. बाबांची लाँच कुठली ते आई पडल्या पडल्या सांगायची. तोच आवाज! तीस वर्षांनी, तोही जर्मनीतून.

तुमच्याकडे कोणी असलं काही ऐकतं का? घरात काय महाभारत झालं? लिहा.

हापूस_पेटी
पोर्टर रिक्स!! इथे कोणी हे नाव घेईल वाटलं नव्हतं. थॉमस कोनर आणि अँडी मेलविग, दोघं जर्मन. नाव घेतलंय 'फ्लिपर' या डॉल्फिनच्या जुन्या अमेरिकन मालिकेतल्या बापाचं. ट्रॅकची नावंही बरीचशी दर्यावर्दी, 'नॉटिकल डब' वगैरे. 'पोर्ट जेंटिल' हे तर गॅबनमधलं खरंखुरं बंदर. तेव्हा तुम्हाला लाँच ऐकू आली यात नवल नाही.
आधी १२ इंची तबकड्यांवर आलं, मग १९९६ ला सीडी. लेबल (रेकॉर्ड कंपनी) चेन रिअ‍ॅक्शन, म्हणजे बर्लिनच्या 'बेसिक चॅनल' या जोडीचंच (मोरिट्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टस). सीडी पत्र्याच्या डबीत यायची. दिसायला झकास, पण काढताना सीडीच तडकायची. भाच्याकडे २०१२ ची डबल एलपी असणार.

तिखला_भात
माका काय तां समाजला नाय. आमच्या चेडवान मोबाईलवर लावल्यान, पाच मिन्टा झाली तरी गाणा सुरूच होयना. मी म्हटलंय रेंज गेली.

हापूस_पेटी
@तिखला_भात मोबाईलवर नकोच हो. त्या चिमुकल्या स्पीकरातून खर्ज येतच नाही, उरते ती खरखर. मग लोक म्हणतात यात काहीच नाही.

सड्यावरचा
मोठ्या स्पीकरवर ऐकूनच सांगतो, कंटाळवाणं आहे. चढत नाही, उतरत नाही. आमच्या भजनाच्या डबलबारीत (दोन बुवांचा सामना) गजर कसा चढत जातो, शेवटी पखवाज काय बोलतो! हे म्हणजे रात्रभर नुसती आलापी, बुवा गायलाच नाही. एलपीचे भाव बघितलेत का? त्यात आठवडाभर सुरमई येईल.

पालखीचा_भोई
@सड्यावरचा शिमग्यात पालखी नाचवताना दोन तास एकच ठेका असतो की. तेव्हा म्हणतोस का कंटाळवाणं? पहिली दहा मिनिटं खांदा दुखतो, मग दुखायचं थांबतं आणि ढोल आपल्या आतच वाजतोय असं होतं. बाहेरून बघणाऱ्याला काय, तेच तेच. मला हे संगीत त्याच जातीचं वाटलं. बसून ऐकायचं नाही एवढंच.

सड्यावरचा
पालखीत देव असतो रे बाबा.

पालखीचा_भोई
😂 हरलो

ओटीवरून
विषयाला धरून नाही, पण पावसाळ्यात एलपी सांभाळता कशा? माझ्या सोळा रेकॉर्डांना बुरशी. आतलं कागदी पाकीट ओल धरतं, ते काढून प्लॅस्टिकचं घाला. तबकडी कोमट डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवायची, लेबल भिजू द्यायचं नाही, सावलीत उभी वाळवायची. उन्हात ठेवलीत तर पापड. मी ठेवली होती. आता ती भिंतीवर घड्याळ म्हणून आहे.

गाडीतळ
वीज गेल्याचा अनुभव कोणीच लिहिला नाही? मित्राच्या घरी मालवणात असलंच काहीतरी लावलेलं, ऐन रंगात लाईट गेली. स्पीकर इन्व्हर्टरवर, प्लेअर नाही. तबकडी मंदावत मंदावत आवाज पार पाताळात गेला. सगळे डोळे मिटून "वा!" मित्र म्हणाला अरे लाईट गेलीय. रेकॉर्डमधला सगळ्यात चांगला भाग तोच होता.

जुनी_सुई
जर्मनीचं कौतुक चाललंय म्हणून सांगतो. आपल्या मुंबईत चरणजित सिंग नावाचे सिनेमात वाजवणारे कलाकार होते. १९८२ ला त्यांनी रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ (खर्जाचं मशीन) आणि टीआर-८०८ (ठेक्याचं मशीन) वर दहा राग डिस्को ठेक्यात बसवले, एचएमव्हीने एलपी काढली. तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० ला परत छापली तेव्हा जगाला कळलं की शिकागोच्या अ‍ॅसिड हाऊसच्या (टीबी-३०३ वरचं नाचाचं संगीत) पाच वर्षं आधी ते मशीन इथे भैरव वाजवत होतं. २०१५ ला गेले. मूळ प्रत माझ्या हातून निसटली, रद्दीवाल्याने तीस रुपये सांगितले आणि मी घासाघीस करत बसलो. अजून झोप लागत नाही.

ओटीवरून
आई गं. तीस?

जुनी_सुई
वीस म्हणत होतो मी.

माडाखाली
मूळ धाग्याला: माझे वडीलही बोटीवर होते. आज रात्री हेडफोन लावून ऐकलं. दुसऱ्या ट्रॅकलाच बंद केलं. वाईट आहे म्हणून नाही. सगळ्यांना नाही ऐकवत ते.

(धागाकर्ती)
@माडाखाली कळलं. आईला फोनवर ऐकवायचा विचार होता, मीही नाही ऐकवलं अजून.

तिखला_भात
चेडवाचो हेडफोन लावून बगलंय आता. बरा वाटता. निज येता.
तुतारी एक्स्प्रेसचा तिकीट कोणाक गावला काय शुक्रवारचा? दोन व्हयी.

गाडीतळ
@तिखला_भात वेटिंग १४०. एसटी बघा.