रविवारच्या वर्गातल्या मुलांना शब्बाथसाठी अलिबागला मुक्कामी न्यावं का?

चौलची वाट
मुंबई-ठाण्याच्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी ज्यू, पालकांसाठी हा विषय मुद्दाम काढतेय. आमच्या रविवारच्या हिब्रू वर्गातल्या मुलांना शुक्रवार दुपार ते रविवार संध्याकाळ अलिबागला मुक्कामी न्यायचा बेत आहे. त्यावरून पालकांत दोन तट पडलेत. मी न्यावं या बाजूची आहे.

वर्गात मुलं आलेफ-बेथ ही हिब्रू मुळाक्षरं गिरवतात, शेमाची प्रार्थना म्हणतात, सणांची नावं पाठ करतात. पण शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस, रविवारी सकाळी दहा वाजता शिकवायचा तरी कसा? तो शुक्रवारी सूर्य बुडताना येतो आणि शनिवारी रात्री तीन तारे दिसले की जातो. बहुतेक मुलांनी हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप द्यायचा विधी, पाहिलेलाच नाही. पीळ घातलेली मेणबत्ती, मसाल्याचा वास, ज्योत पेल्यात विझवणं, सगळं वहीत उतरवून घेतलंय, डोळ्यांनी बघितलेलं नाही. शनिवारी कुणाची शाळा, कुणाची परीक्षा, आईबाप कामावर.

कोकणात आपल्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. त्यांच्याकडे हिब्रू पुस्तकं नव्हती, शिकवणारा कुणी नव्हता, तरी शब्बाथ टिकला. का? तर चार घरं मिळून तो पाळत होती. आता मीरा रोडच्या किंवा ठाण्याच्या एका इमारतीत आपलं एकच घर असतं. तिथे एकट्या मुलाने शनिवार कसा पाळायचा?

बेत साधा आहे. अलिबागच्या इस्राएल आळीपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी राहायचं, म्हणजे तिथल्या मागेन आबोथ सिनेगॉगला (प्रार्थनामंदिराला) जायला गाडी लागणार नाही. किद्दुश, म्हणजे शब्बाथची पेल्यावरची प्रार्थना, त्याच्या शरबतासाठी काळ्या मनुका आदल्या रात्री भिजत घालायच्या, सकाळी मुलांनीच कुस्करून गाळायच्या. निदान दहा मोठी पुरुषमाणसं बरोबर आली तर मिन्यान होईल, म्हणजे सामूहिक प्रार्थनेची संख्या भरेल, आणि सेफर तोरा, धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढता येईल. कोकणातल्या जुन्या सिनेगॉगांत आता मिन्यान जमायची मारामार असते. शनिवारी रात्री हवदालानंतर मलिदा, म्हणजे आपला पोह्यांचा गोड नैवेद्य. रविवारी नवगावची दफनभूमी, जिथे फुटलेल्या गलबतातल्या पूर्वजांना पुरलं असं आपण मानतो, आणि जमलं तर अलिबागजवळच्या खंडाळ्याचा एलियाहू हन्नाबीचा टापा, म्हणजे संदेष्टा एलियाहू जिथे आले होते असं आपण मानतो ती जागा.

माझगावकर
ताई, तळमळ कळते, पण मी पूर्ण विरोधात आहे.

बार मित्स्वाला, म्हणजे तेराव्या वर्षीच्या धर्मविधीला, वर्ष उरलेली मुलं देवनागरीत लिहून दिल्याशिवाय प्रार्थना वाचू शकत नाहीत, ही आपली आजची स्थिती आहे. हिब्रू वाचन आठवड्याला दोनदा-तीनदा बसून, चुका दुरुस्त करून घेऊनच येतं. समुद्रकाठी दोन दिवस राहून येणार नाही. मुक्काम, बस, जेवण, राखणदार यात जाणाऱ्या पैशांत बुधवार संध्याकाळसाठी एक चांगला शिक्षक वर्षातले बरेच महिने ठेवता येईल.

शनवार तेल्यांचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. ते कुठल्या शिबिराला गेले नव्हते. घाणा घरचा, तो घरच्यांनी थांबवला. आज शुक्रवारी संध्याकाळी घरात दिवा लावून किद्दुश म्हणायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास न काढणारे पालक शिबिराला पैसे भरतील आणि कर्तव्य झालं म्हणून मोकळे होतील. मला भीती याचीच आहे.

शिवाय समाज वर आला तो शाळेने. हाइम सॅम्युअल केहिमकरांनी 1875 मध्ये मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. त्या पिढीला ठाऊक होतं की नुसती हौस पिढी दोन पिढ्यांत विरते, वाचता येणारं पोर टिकतं.

दोन मुलींची आई
मला तत्त्वापेक्षा साधे प्रश्न आहेत. मुलींच्या खोलीत कोण झोपणार? 2008 ला मुंबईत नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर जो अतिरेकी हल्ला झाला त्यानंतर ज्यू मुलांचा गट एका जागी दोन रात्री, आणि तेही आधी जाहीर करून, हे ऐकूनच पोटात गोळा येतो. आणि शब्बाथ म्हणून शुक्रवार संध्याकाळपासून सगळ्यांचे फोन बंद. धाकटीला दमा आहे. रात्री दोनला तिला त्रास झाला तर मला कळवणार कोण?

अश्दोदहून
मी इस्राएलमध्ये वाढलो. घरी मराठी, बाहेर हिब्रू. इथे शब्बाथ शिकवावा लागत नाही, गल्लीतल्या बसच थांबतात. पण माझ्या नातवंडांना मलिद्यातले पोहे, गूळ, ओला नारळ ओळखता येतात ते केवळ बायको अजून घरी करते म्हणून.

म्हणून शिबिर करा, पण शिकवणार कोण ते आधी ठरवा. बाहेरून तयार कार्यक्रम घेऊन कुणी आलं की मुलं त्यांच्या चाली शिकतात, त्यांच्यासारखा शब्बाथचा पाव वेणीसारखा विणतात, आणि आजीचं मनुकांचं शरबत त्यांना गावठी वाटू लागतं. आमच्या आईवडिलांच्या पिढीला इथे लग्न लावताना वंशाचे पुरावे मागितले गेले. लोक येरुशलेममध्ये धरणं धरून बसले, तेव्हा 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू असल्याचं मान्य केलं. आपली रीत कमअस्सल आहे हे आमच्या मनावर बिंबवायचे प्रयत्न झाले. तेच तुम्ही अलिबागेत, आपल्याच हाताने, मुलांच्या मनावर बिंबवू नका.

न्यू जर्सीचा बाबा
इथला अनुभव सांगतो. अमेरिकेत ज्यू डे स्कूलला, म्हणजे ज्यूंच्या पूर्णवेळ शाळेला, न जाणारी मुलं सिनेगॉगच्या धार्मिक शाळेत जातात, रविवारी सकाळी आणि कुठे कुठे मधल्या वारी एकदा. दिवसभराच्या शाळेनंतर पुन्हा बाकावर बसायचं, म्हणून मुलं कंटाळतात, आणि बार मित्स्वा झाला की गळती लागते. शिबिरांची परंपरा जुनी आहे. विस्कॉन्सिनमध्ये कॅम्प रामाह 1947 मध्ये सुरू झाला. त्याच वळणावर शाळा वर्षातून एखादा शब्बाटोन, म्हणजे शब्बाथचं मुक्कामी शिबिर, करतात.

अशा शब्बाटोनला जाऊन माझ्या मुलात फरक कशाने पडला? शनिवारी दुपारी काहीच कार्यक्रम नव्हता म्हणून. फोन नाही, टीव्ही नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मदतनीस मुलांबरोबर तो गवतात बसून बोलत राहिला. देव आहे का, शाळेत ज्यू आहे हे सांगायचं का, असले प्रश्न त्याने कधी शिक्षकाला विचारले नसते. माझगावकर, हे बुधवारच्या वर्गात होत नाही. मात्र तुमचं हेही खरं की परतल्यावर घरी शुक्रवार पाळला नाही तर त्याचा परिणाम महिनाभरात ओसरतो. आमच्याकडे ओसरला होता. मग आम्ही घरी दिवे लावायला लागलो, ते मुलाने मागे लागून लावायला लावले.

चौलची वाट
आधी मुलींच्या आईला उत्तर, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडावाच लागतो, पिक्कुआख नेफेश हा धर्माचाच नियम आहे. एका जबाबदार मोठ्या माणसाकडे फोन चालू राहील, गाडी दाराशी राहील, तुमच्या मुलीचा पंप कुठे ठेवलाय ते त्याला माहीत असेल. मुलींच्या खोलीत दोन आया झोपतील. तारीख आणि जागा फक्त पालकांना कळेल, कुठेही टाकली जाणार नाही. पोलिसांना आधी कळवू. एवढं करून तुम्हाला पटलं नाही तर मुलींना पाठवू नका, कुणी बोल लावणार नाही.

अश्दोदच्या काकांची अट मान्य. मलिदा आणि शरबत आपल्याच बायका शिकवतील.

माझगावकर, बाहेरून आलेल्या ज्यू दावीद रहाबीची गोष्ट आठवा. परंपरा सांगते, त्याने कोकणातल्या आपल्या बायकांपुढे हरतऱ्हेचे मासे ठेवले, आणि त्यांनी खवले आणि पर असलेलेच निवडून शिजवले. ते बघून हे लोक ज्यूच आहेत अशी त्याला खात्री पटली. चुलीपाशी शिकलेलं इतकी शतकं टिकलं होतं. मुलांच्या हाताला मनुका कुस्करायला लावायच्या त्या यासाठीच.

माझगावकर
गोष्ट तिथे थांबत नाही, ताई. त्याच रहाबीने पुढे झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतली माणसं निवडून त्यांना शिकवलं आणि काजी, म्हणजे समाजाचे धर्मप्रमुख, केलं. मासे ओळखता येणं पुरत नाही हे त्याला कळलं होतं.

न्यू जर्सीच्या बाबांचं मुलगा मागे लागल्याचं वाचून मी थोडा थबकलो, हे कबूल. तरी विरोध कायम आहे. मतदान झालं तर मी एवढंच मांडणार: बुधवारचा वर्ग आधी सुरू करा, आणि शनिवारची पराशा, म्हणजे तोरातला त्या आठवड्याचा पाठ, अलिबागेत मोठ्या मुलांपैकी कुणीतरी स्वतः हिब्रूतून वाचेल अशी तयारी झाल्यावर तारीख ठरवा. तोवर मी पैसे भरणार नाही.

चौलची वाट
वाचणारा एक मुलगा तयार आहे. बुधवारसाठी जागा माझ्या घरी देते, शिकवायला तुम्ही या. पण थंडीतली तारीख मी पुढे ढकलणार नाही. पावसाळ्यानंतर मांडव्याच्या बोटी सुरू झाल्या की जायचंच, नाहीतर सगळं पुढच्या वर्षावर जाईल आणि तेव्हा आताची मोठी मुलं वर्गातून निघून गेलेली असतील.