मदत हवी आहे : स्टॉक फोटोंसाठी नाव कोणतं घ्यावं? सगळीकडे एकच मिळत नाहीये

राजवाडा_४५२
नमस्कार, इंदूरहून लिहितोय. स्टॉक एजन्सींवर, म्हणजे तयार फोटो विकणाऱ्या वेबसाइटवर, फोटो विकायला टाकायचे आहेत आणि फोटोखाली दिसणाऱ्या नावापाशी गाडं अडलंय. मनातलं नाव दोन ठिकाणी मिळालं, तिसरीकडे आधीच कोणीतरी घेतलंय. तिथे पुढे आकडा लावू की सगळीकडेच नवं नाव घेऊ? ४०० फोटो कीवर्डसकट तयार आहेत, रविवारी सुरुवात करायची आहे. लवकर सांगा.

सुरंगी
कोणत्या एजन्सी? नाव कोणतं? फोटोच आहेत की व्हेक्टर, म्हणजे संगणकावर काढलेली चित्रंही? "मिळालं" म्हणजे खाती उघडून झाली का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

कॅमेराकाका
सरळ स्वतःचं नाव घ्या, पूर्ण, आडनावासकट. रंगपंचमीच्या गेरेचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा, माझा एक फोटो मासिकात छापून आला. टँकरमधून उडालेला गुलाबी फवारा आणि मागे राजवाड्याचे सज्जे. खाली अगदी बारीक अक्षरात माझं नाव, मग तिरकी रेघ, मग एजन्सीचं नाव. आईने ते पान कपाटातल्या साड्यांच्या घडीत जपून ठेवलंय. तिथे 'पिक्सेल अमुक ७७' छापलं असतं तर तिला काय कळणार होतं?

मालवी_मन
काका, भावना पटते, पण आपल्या आडनावांची रोमन स्पेलिंगं बघा. आमच्या एकाच घरात तीन तऱ्हेने लिहितात. नाव असं हवं की फोनवर सांगितलं तरी समोरच्याने बरोबर टाइप करावं. छोटं, आकडा नको. आणि नावात विषय घालू नका. मी हौसेने 'फूड' घातलं, तेव्हा रोज रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडूचे, म्हणजे तळलेल्या कंदाचे, फोटो काढत होतो. आता निम्मे फोटो समाधीच्या छत्र्यांचे आणि जुन्या वाड्यांचे आहेत, आणि ते नाव प्रत्येक फोटोखाली खटकतं.

निमाडकर
नावाने काही होत नाही हो. गिऱ्हाईक नाव शोधत नाही, विषय शोधतो. वर्णनात 'इंदूर' आहे का, रात्र आहे की दिवस, माणसं किती, हे नीट लिहा. मी दोन वर्षं नाव घोटत बसलो असतो तर एकही फोटो विकला गेला नसता. बाकी कॅमेरा कोणता वापरता?

राजवाडा_४५२
कीवर्डचं विचारलंच नाही मी. आणि कॅमेऱ्याचा इथे काय संबंध?
@सुरंगी : फक्त फोटो. शटरस्टॉक, अ‍ॅडोब स्टॉक, अलामी. पहिल्या दोन ठिकाणी खातं उघडलंय, फोटो अजून टाकलेले नाहीत. नाव आम्हा दोघांचं आहे, माझ्या आणि बायकोच्या नावातली अक्षरं जोडून केलेलं. खातं माझ्या नावावर, फोटो दोघांचे, पैसे तिच्या बँक खात्यात घेणार.

रामबागेचा_हिशेबनीस
थांबा! ही शेवटची ओळ सगळ्यात आधी लिहायला हवी होती.

फोटोखाली दिसणारं नाव वेगळं आणि कागदावरचं नाव वेगळं. वर काय दाखवायचं ती तुमची मर्जी. आत मात्र पॅनवरचं नाव, डब्ल्यू-८बेन या अमेरिकी करफॉर्मवरचं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव, हे एकाच माणसाचं हवं. तो फॉर्म नीट भरला तर भारत-अमेरिका करारानुसार अमेरिकेतल्या विक्रीच्या रॉयल्टीवर १५ टक्के कर कापतात, नाही भरला तर ३० टक्के. माझ्या पॅनवर वडिलांचं नाव मधे पूर्ण आहे, पैशांच्या खात्यावर नुसतं आद्याक्षर होतं. तेवढ्यावरून एकीकडे दोन महिने पैसे अडकले. शेवटी बँकेचा कागद पाठवल्यावर सुटले.

दुसरं म्हणजे, वहिनींनी काढलेल्या फोटोचा कॉपीराइट वहिनींचा. ते तुमचे म्हणून कसे टाकणार?

कॅमेराकाका
कॉपीराइटवरून आठवलं. १९५७च्या कायद्यात फोटोला आता काढणाऱ्याच्या हयातीनंतर ६० वर्षं संरक्षण आहे. म्हणून बाहेर काहीही नाव ठेवा, फाइलच्या मेटाडेटात, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या माहितीत, क्रिएटरच्या जागी खरं नावच भरा. मी तर म्हणतो बाहेरही तेच ठेवा. जुने नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ १८६६ साली आपल्या इंदुरात बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले, कॅमेरा इथेच हातात घेतला. पुढे हैदराबादच्या निजामाने 'राजा' केलं, पण स्टुडिओच्या पाटीवर नाव स्वतःचंच राहिलं.

मालवी_मन
काका, त्या पाटीवर 'अँड सन्स' पण होतं. म्हणजे घराचं मिळून एक नाव झालंच की!

रामबागेचा_हिशेबनीस
त्यांना डब्ल्यू-८बेन भरायचा नव्हता. मूळ प्रश्नाकडे या. जोडनाव ठेवायचं तर ठेवा, पण खाती दोन काढा, एक तुमचं, एक वहिनींचं, ज्याचे फोटो त्याच्या खात्यात. अलामीवर एकाच खात्यात एकाहून जास्त टोपणनावं घेता येतात, पण म्हणून दोघांचे फोटो एकत्र करू नका. आणि तिसरीकडे आकडा लावू नका. अजून एकही फोटो चढलेला नाही, तोवर तिन्हीकडे रिकामं असलेलं नाव शोधा. पहिल्या दोन ठिकाणी सेटिंगमधून बदलत नसेल तर त्यांच्या मदत विभागाला लिहा.

राजवाडा_४५२
हिला सगळा धागा वाचून दाखवला. म्हणाली, माझे फोटो माझ्याच नावाने जातील. मला हे आधी सुचायला हवं होतं. काल रात्री बसून तिचे वेगळे काढले, १३२ निघाले. सराफ्यातले हात, कढई आणि वाफ असलेले जवळपास सगळे तिचेच. माझे बहुतेक इमारतींचे.
पण आता नवीन अडचण. तिच्या पॅनवर माहेरचं नाव आहे आणि पासबुकावर सासरचं. कोणतं घ्यायचं?

रामबागेचा_हिशेबनीस
दिसणारं नाव त्यांना आवडेल ते. कागदावर आधी एक करून घ्या. पॅन तसंच ठेवायचं असेल तर बँकेत पॅनप्रमाणे नाव करून मागा, लग्नाचा दाखला बरोबर न्या. ते झाल्याशिवाय त्यांच्या खात्यातून एकही फोटो टाकू नका.

राजवाडा_४५२
सोमवारी दोघं जातो बँकेत. माझे रविवारी टाकतो, माझ्या नावाने, आडनावासकट. तिन्हीकडे मिळतंय, आत्ताच बघितलं.

सुरंगी
छान झालं. ताईंनी कोणतं ठरवलं, माहेरचं की सासरचं?

राजवाडा_४५२
माहेरचं. शाळेतल्या चित्रांवर तीच सही करायची म्हणे.